घर मुलांच्या नावावर करण्याआधी आणि केल्यानंतर: ज्येष्ठांनी 2007 चा कायदा कसा वापरायचा

प्रांत कार्यालय म्हटलं की जमिनीचा वाद, जातीचा दाखला नाहीतर भूसंपादनाची नोटीस आठवते. त्याच कार्यालयात आई-वडिलांसाठी आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एक न्यायाधिकरण चालतं, हे अनेक घरांत ठाऊक नसतं. तिथे केलेल्या अर्जावर मुलाला किंवा मुलीला दरमहा पैसे देण्याचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर किंवा शेत परत मिळू शकतं. छळ करणाऱ्या मुलाला वडिलांच्या घरातून बाहेरही काढता येतं. हे सगळं आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 या कायद्यामुळे. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे आणि राज्याचे नियम 2010 चे आहेत. गोव्यातही हाच कायदा लागू आहे.

कायदा चांगला आहे, पण तो अर्धवट वापरला जातो. कुठे अर्जात दहा वर्षांचं दुःख लिहिलेलं असतं आणि नेमकं काय हवं ते लिहिलेलंच नसतं. कुठे घर देताना कागदावर अट घातलेली नसते, मग देणाऱ्याची बाजू लंगडी पडते. या लेखात मी याच दोन गोष्टींवर जास्त थांबणार आहे.

आधी मनातली अडचण. 'पोटच्या पोराविरुद्ध कचेरीत जायचं?' हा प्रश्न आई-वडिलांना वर्षानुवर्षं अडवून ठेवतो. इथला अर्ज हा गुन्हा नोंदवणं नसतं. त्याची सुरुवात बहुतेक वेळा समेटापासून होते आणि मुलगा कबूल झाला तर तिथेच संपते. औषधं थांबवून, अर्धपोटी राहून ज्या मुलाची अब्रू तुम्ही झाकता आहात, त्याने तुमच्या औषधाचे पैसे देणं हे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. ते मागण्यात कसलीही लाज नाही.

हा कायदा कोणासाठी, कोणाविरुद्ध

ज्येष्ठ नागरिक म्हणजे 60 वर्षं पूर्ण झालेली भारतीय व्यक्ती. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. पंचावन्न वर्षांची विधवा आईदेखील मुलांविरुद्ध अर्ज करू शकते. सख्खे, दत्तक घेणारे आणि सावत्र असे सगळे आई-वडील यात येतात.

मुलं म्हणजे सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात. मुलीचं लग्न झालं म्हणून तिची जबाबदारी संपत नाही. हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला आहे. 1987 साली कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीच्या प्रकरणात, वडिलांना पोटगी देण्याची जबाबदारी विवाहित मुलीवरही येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तो निकाल तेव्हाच्या फौजदारी संहितेखालचा होता. 2007 च्या कायद्याने तर मुलीचा उल्लेख थेट व्याख्येतच केला.

सून आणि जावई या व्याख्येत नाहीत. त्यांना आणण्यासाठी 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं होतं, पण ते मंजूर झालं नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. म्हणून भत्त्याचा अर्ज मुलाविरुद्ध करायचा, सुनेविरुद्ध नाही.

मूलबाळ नसलेल्यांसाठी 'नातेवाईक' ही वेगळी तरतूद आहे. तुमच्या मालमत्तेवर ज्याचा ताबा आहे किंवा तुमच्यामागे वारसाने ती ज्याला मिळणार आहे, असा सज्ञान कायदेशीर वारस तुम्हाला सांभाळायला बांधील आहे. गावाकडे काकांचं शेत कसणारा पुतण्या यात बसू शकतो. असे वारस एकाहून अधिक असतील, तर ज्याला जितका वाटा मिळणार त्या प्रमाणात त्याने खर्च उचलायचा.

मुलगा पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असला तरी अर्ज तुमच्या राहत्या ठिकाणी करता येतो. तुम्ही आधी राहत होता तो जिल्हा किंवा मुलाचा जिल्हाही चालतो. परदेशातल्या मुलावर केंद्र सरकारने नेमलेल्या यंत्रणेमार्फत समन्स बजावण्याची सोय कायद्यात आहे.

नेमकं काय मागायचं, हे आधी ठरवा

कागद गोळा करण्याआधी एका कोऱ्या पानावर लिहून काढा: मला दरमहा पैसे हवेत, का घर परत हवंय, का घरात शांतपणे राहू देणं हवंय? या तीन मागण्यांचा आधार वेगवेगळा आहे आणि पुरावाही वेगळा लागतो.

पहिली मागणी निर्वाह भत्त्याची. आपल्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल, तर ही मागणी करायची. चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे चारही येतात. न्यायाधिकरण दरमहा जास्तीत जास्त 10,000 रुपये देऊ शकतं. मुंबई-पुण्यात ही रक्कम अपुरी आहे, हे उघड आहे. शस्त्रक्रिया किंवा डायलिसिससारखा खर्च असेल तर न्यायालयाचा दुसरा मार्ग बघावा लागतो. त्याबद्दल पुढे येईलच. छोटी पेन्शन असली म्हणून अर्जाचं दार बंद होत नाही. पेन्शन किती, औषधं किती, घरभाडं किती, हा हिशेब मांडा आणि कमी पडणारी रक्कम मागा.

दुसरी मागणी दिलेली मालमत्ता परत मिळण्याची, म्हणजे कलम 23. इथे तुम्ही गरीब आहात का, हा प्रश्न नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळायला नकार दिला किंवा टाळाटाळ केली, एवढं दाखवायचं असतं. ते दाखवलं की कायदा असं धरतो की ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी प्रभावाखाली झालं होतं, आणि न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. हस्तांतरण कायदा लागू झाल्यानंतरचं हवं. त्याआधीचं बक्षीसपत्र असेल तर या कलमाचा उपयोग नाही. दिवाणी वकिलाला भेटा.

तिसरी मागणी घरातल्या संरक्षणाची. फ्लॅट अजून तुमच्याच नावावर आहे, पण मुलगा शिवीगाळ करतो, मारतो, स्वयंपाकघराला कुलूप लावतो. कायद्यात 'घराबाहेर काढणे' असे शब्द नाहीत, पण ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 च्या निकालात मान्य केलं आणि 2 जानेवारी 2025 च्या निकालात पुन्हा सांगितलं. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की असा आदेश प्रत्येक प्रकरणात आपोआप होत नाही. गरज दाखवावी लागते. सप्टेंबर 2025 चा निकाल मुंबईतल्या एका वृद्ध दांपत्याचा आहे. थोरल्या मुलाने त्यांच्या घरांचा ताबा घेऊन त्यांना तिथे राहू दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मुलाला घर रिकामं करण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश कायम केला. सुनावणीच्या काळात मुलाचीच साठी उलटली होती. ती गोष्ट न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. वय अर्ज केला त्या दिवशीचं बघायचं, असं सांगितलं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हा कायदा सुनेला रस्त्यावर काढण्याचं हत्यार नाही. 2020 च्या त्या निकालात मुद्दा हाच होता. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि तो या झटपट प्रक्रियेने संपवता येणार नाही. मुलगा-सुनेचं पटत नाही म्हणून मुलाने आई-वडिलांना पुढे करून सुनेला बाहेर काढायचं, असे प्रकार न्यायालयांनी पाहिले आहेत. अशा भांडणात आपली सही वापरू देऊ नका.

सही करण्याआधी: अट कागदावर हवीच

या लेखातलं एकच पान वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. त्यामुळे 'नंतर कटकट नको, आत्ताच नावावर करून टाका' असा आग्रह होतो. टायपिस्टकडे तयार मसुदा असतो. त्यात 'नैसर्गिक प्रेम व मायेपोटी' मिळकत दिली, एवढंच लिहिलेलं असतं. सांभाळायचं कबूल केलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. कागदाला माहीत नसतं.

याचा परिणाम काय होतो, तो डिसेंबर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतो. आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सांभाळण्याच्या अटीवर ते दिलं, असं ना कागदात होतं, ना अर्जात नीट मांडलं होतं. कलम 23 लागू होण्यासाठी अट असायलाच हवी, असं म्हणत न्यायालयाने हस्तांतरण रद्द करणारा आदेश टिकू दिला नाही. याउलट 2 जानेवारी 2025 चं प्रकरण मध्य प्रदेशातलं. आईने 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. मुलाने त्याच दिवशी वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं: सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईला मिळकत परत घेता येईल. उच्च न्यायालयाने अट थेट बक्षीसपत्रातच हवी होती, असा अर्थ लावून आईविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं आणि ताबा आईला परत द्यायला लावला. एका वचनपत्राने त्या बाईंना घर परत मिळालं.

म्हणून बक्षीसपत्राच्या मसुद्यात पुढचा मजकूर घालायला सांगा. वकील शब्द बदलतील, पण आशय हाच राहू द्या:

*'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना व त्यांच्या पत्नीस त्यांच्या हयातीपर्यंत सदर मिळकतीत विनाअडथळा राहू द्यावयाचे असून त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व दैनंदिन गरजा स्वखर्चाने पुरवावयाच्या आहेत. या अटीवरच सदर मिळकत बक्षीस दिली आहे. लिहून घेणार यांनी या अटीचे पालन करण्यास नकार दिल्यास अगर कसूर केल्यास, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 चे कलम 23 अन्वये प्रस्तुत बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क लिहून देणार यांनी राखून ठेवला आहे. सदर मिळकत लिहून देणार यांच्या हयातीत त्यांच्या लेखी संमतीशिवाय विकता, गहाण ठेवता अगर अन्य प्रकारे हस्तांतरित करता येणार नाही.'*

यात पत्नीचा उल्लेख मुद्दाम आहे. कलम 23 चा हक्क लिहून देणाऱ्याचा असतो. वडिलांनी एकट्यांनी सही केली आणि वर्षभरात ते गेले, तर मागे राहिलेल्या आईला तो हक्क वापरताना अडचण येऊ शकते. तिचा तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असेल तर तिच्या हातात काहीतरी राहतं. पत्नीच्या नावे काही हिस्सा असेल तर तिलाही लिहून देणार म्हणून घ्या.

मुलगा म्हणाला, 'एवढा विश्वास नाही का माझ्यावर?' तर त्याला शांतपणे सांगा की ज्याला सांभाळायचंच आहे, त्याला या अटीने एक रुपयाचाही तोटा नाही.

मुळात बक्षीसपत्र करायचंच कशाला, हाही विचार करा. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक ज्येष्ठांसाठी मृत्युपत्र पुरेसं आहे. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी लगेच जाते. मृत्युपत्रात ती अखेरपर्यंत तुमच्याकडेच राहते आणि मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं 'शुद्धीत व समजून-उमजून' असल्याचं प्रमाणपत्र जोडा.

गावाकडे दोन प्रसंग जास्त धोक्याचे असतात. एक, वडिलांच्या दिवसकार्यानंतर थोड्याच दिवसांत आईकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे, तिचा मुलांइतकाच वाटा असतो. दुःखाच्या त्या दिवसांत कोणताही कागद करू नका. वारसनोंद होऊ द्या, सातबाऱ्यावर आईचं नाव लागू द्या, हक्कसोडीचं नंतर बघता येईल. द्यायचंच ठरलं तर वरची अट हक्कसोडपत्रातही घाला. कलम 23 मध्ये 'बक्षीस किंवा अन्य प्रकारे' केलेलं हस्तांतरण येतं. दोन, जितेपणी वाटणी. मुलांत शेत वाटताना म्हातारा-म्हातारीचा वेगळा तुकडा ठेवा आणि त्याचा सातबारा शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर राहू द्या.

बँकेतही असंच एक छोटं पाऊल आहे. संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं असेल तर मुलगा सगळी रक्कम काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' हा पर्याय घेतला आणि पहिलं नाव तुमचं ठेवलं, तर तुमच्या हयातीत व्यवहार तुमच्याच सहीने होतो आणि तुमच्यामागे त्याला रक्कम मिळते. एटीएमचा पिन आणि मोबाइल मात्र स्वतःजवळ ठेवा.

कागद

फार जमवाजमव करत बसू नका, अर्ज लांबतो. ओळखीचा आणि वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि मुलांशी नातं दाखवणारा एखादा कागद (शिधापत्रिका चालते) एवढं मूळ. भत्ता मागत असाल तर पासबुकाच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी, औषधांची बिलं, डॉक्टरांचे कागद, आणि मुलगा काय करतो, अंदाजे किती कमावतो याची माहिती. त्याची पगारपत्रं तुमच्याकडे नसणारच. नोकरीचं ठिकाण लिहा, न्यायाधिकरणाला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

मालमत्तेसाठी नोंदवलेल्या दस्ताची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा सारांश). दस्त मुलाकडे असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. शेतीचा सातबारा आणि फेरफार, गावठाणातल्या घराचा घरपट्टीचा उतारा, शहरात मालमत्ता पत्रक किंवा सोसायटीचं भागप्रमाणपत्र. मारहाणीची पोलिसात अदखलपात्र नोंद झाली असेल तर तिची प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या धमक्यांची छापील प्रत द्या आणि मूळ मेसेज फोनवरून पुसू नका. अट तोंडीच ठरली असेल तर ती ऐकलेले शेजारी, व्याही, सोसायटीचे सचिव यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. बाजू तेवढी भक्कम होते.

अर्ज लिहिताना

उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, हे या न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी. त्यांच्याच नावे अर्ज करायचा. कार्यालयात छापील नमुना मिळाला तर तो भरा, पण सोबत स्वतःचा मजकूर द्या. दोन पानांत बसवा. घटना तारखेने लिहा. 'नेहमी छळतो' यापेक्षा 'दिवाळीनंतर जेवण बंद केलं, अमुक तारखेला खोलीची वीज तोडली' हे अधिकाऱ्याला उपयोगी पडतं. साधारण मसुदा असा:

*मा. पीठासीन अधिकारी, ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण तथा उपविभागीय अधिकारी, (उपविभागाचं नाव) यांच्यासमोर*

*अर्जदार: (नाव, वय, पत्ता, फोन)*
*सामनेवाले: 1) मुलगा 2) मुलगी (नाव, वय, व्यवसाय, पत्ता)*

*विषय: सन 2007 च्या अधिनियमाचे कलम 4, 5 व 23 अन्वये अर्ज.*

*1. अर्जदार हे ज्येष्ठ नागरिक असून सामनेवाले त्यांची मुले आहेत.*
*2. अर्जदाराचे मासिक उत्पन्न रु. ... असून औषधोपचार व चरितार्थाचा खर्च रु. ... आहे.*
*3. अर्जदाराने दि. ... रोजी दस्त क्र. ... अन्वये खालील मिळकत सामनेवाले 1 यांना सांभाळ करण्याच्या अटीवर दिली. सदर अट दस्ताच्या पान क्र. ... वर नमूद आहे.*
*4. सामनेवाले 1 यांनी दि. ... पासून अन्न व औषधोपचार बंद केले असून (घटना तारखेसह).*

*विनंती: अ) अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम भत्ता रु. ... मंजूर व्हावा. ब) दरमहा रु. ... निर्वाह भत्ता अर्जाच्या तारखेपासून मिळावा. क) दस्त क्र. ... रद्दबातल ठरवून मिळकतीचा ताबा अर्जदारास मिळावा. ड) अर्जदारास त्रास देण्यास मनाई व्हावी.*

विनंतीत 'ताबा' हा शब्द विसरू नका. दस्त रद्द झाला आणि ताब्याबद्दल आदेशात काहीच नसलं, तर कागदोपत्री घर तुमचं होतं आणि राहतो मात्र मुलगाच.

'अर्जाच्या तारखेपासून' हे शब्दही महत्त्वाचे. न्यायाधिकरणाने तसं म्हटलं नाही तर भत्ता आदेशाच्या तारखेपासून सुरू होतो आणि मधले महिने जातात.

सामनेवाले म्हणून सगळी सज्ञान मुलं घाला. एकालाच घातलं तर तो बाकीच्यांना सामील करा असा अर्ज देतो, तसा त्याला हक्क आहे, आणि तारखा वाढतात. नीट सांभाळणारी मुलगी असेल तर तिच्याविरुद्ध तक्रार नाही, असं अर्जातच नमूद करा.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या वतीने तिने लेखी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. त्यामुळे शेजाऱ्याने किंवा ज्येष्ठ नागरिक संघाने प्रांतांना पत्र लिहिलं तरी ते वाया जात नाही.

दाखल केल्यावर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. ही पोच म्हणजे अर्जाच्या तारखेचा पुरावा. पुढच्या भेटीत प्रकरण क्रमांक लिहून घ्या.

मुलांना नोटीस जाते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत अर्ज निकाली काढायचा असं कायदा सांगतो. अपवादात्मक परिस्थितीत कारण नोंदवून एकदाच 30 दिवस वाढवता येतात. प्रत्यक्षात उशीर होतो. प्रांतांकडे निवडणूक, पूर, भूसंपादन असं सगळंच असतं. उशीर झाला तर कलम 5 मधल्या मुदतीचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. तोंडी विनंत्या कुठेच नोंदल्या जात नाहीत. मुलगा नोटीस टाळत राहिला तर त्याच्या गैरहजेरीतही निकाल देता येतो. तशी विनंती लेखी करा.

सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. त्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा असतो. समेट झाला तर चांगलंच, पण 'यापुढे नीट वागीन' या वाक्यावर सही करू नका. किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दवाखान्याचं बिल कोण भरणार, आई कोणत्या खोलीत राहणार, हे लिहून घ्या आणि त्यावर न्यायाधिकरणाचा आदेश करून घ्या.

कलम 17 प्रमाणे इथे कोणत्याच बाजूने वकील उभा राहू शकत नाही. काही उच्च न्यायालयांनी या मनाईविरुद्ध मत दिलं आहे, त्यामुळे मुलाने वकील आणलाच तर गोंधळू नका. बोलायला अवघड वाटत असेल तर कलम 18 प्रमाणे निर्वाह अधिकाऱ्याने आपली बाजू मांडावी, अशी विनंती करता येते. त्यासाठी जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळतं. फोन 15100.

शेजारचे मार्ग

दहा हजारांत भागणार नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायालयात अर्ज करा. जुन्या फौजदारी संहितेचं कलम 125 ते हेच. इथे रकमेला वरची मर्यादा नाही, आणि नव्या संहितेने आई-वडील जिथे राहतात तिथेही अर्ज करण्याची सोय दिली आहे. भत्त्यासाठी दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

मारहाण होत असलेल्या आईला 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही उपलब्ध आहे. त्याखाली मुलाविरुद्ध संरक्षण आदेश आणि घरात राहण्याचा आदेश मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा.

ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे, त्याने ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडलं तर तो गुन्हा आहे: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा. 'घरातलं भांडण आहे, घरात मिटवा' असं ऐकायला मिळालं तर कलम 24 आणि 25 चा उल्लेख असलेला लेखी अर्ज द्या. जिवावर बेतलं असेल तेव्हा 112. सल्ला आणि आधारासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567. तिथे मराठीत बोलता येतं.

मुलगा सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असेल तर कार्यालयाकडेही लेखी तक्रार करून बघा. लातूर जिल्हा परिषदेने 2020 मध्ये, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते थेट आई-वडिलांना देण्याचा ठराव केला आणि तो अमलातही आणला.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत मोफत मिळते. मुलाने 30 दिवसांत रक्कम जमा करायची असते. आदेशात व्याज लावलेलं असेल तर ते 5 ते 18 टक्क्यांच्या दरम्यान असतं. पैसे आले नाहीत तर तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा. रक्कम देय झाल्यापासून ही मुदत मोजतात आणि ती उलटली तर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. वॉरंटनंतरही थकबाकी राहिली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दर महिन्याला पासबुक भरून घ्या, म्हणजे कोणता हप्ता चुकला ते लगेच दिसतं.

आदेश विरोधात गेला किंवा रक्कम फारच कमी ठरली तर 60 दिवसांत जिल्हाधिकारी पातळीवरच्या अपील न्यायाधिकरणात जा. पुढे आजार वाढला, परिस्थिती बदलली, तर कलम 10 खाली भत्ता बदलून मागता येतो.

दस्त रद्द झाला असेल तर काम इथे संपत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात द्या. शेती असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार घालून घ्या, गावठाणात ग्रामपंचायतीत, फ्लॅट असेल तर सोसायटीत आणि महापालिकेच्या करविभागात नाव बदला. मुलाने मधल्या काळात त्या घरावर कर्ज काढलं असेल तर बँकेलाही आदेशाची प्रत पोच घेऊन द्या. ताबा घेताना पोलीस बंदोबस्ताची मागणी करा, पंचनामा करून त्याची प्रत घ्या आणि वीजजोडणी तुमच्या नावावर येईपर्यंत या कागदांची फाइल घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.